तिसरा कौल

१७ मे. सकाळपासून भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडते आहे. दोन पाट्या झाल्या, एक राहिली. सालं सुपात, बिया टोपात, रस बरणीत, आणि माझे हात कोपरापर्यंत लाल. सोलं, म्हणजे आमसुलं, घरचीच हवीत असा माझ्या नवऱ्याचा आग्रह. फोडायची वेळ आली की त्याला पेडण्यात नेमकं काम निघतं. अशा हातांनी फोन उचलता येत नाही, तरी उचलला, कारण दादाचा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अजून नार्व्याच्या घरीच राहतो. म्हणाला, "सुलू, रविवारी ये गो. साक्षीच्या बाबतीत कौल लावूया म्हणतो." साक्षी त्याची मुलगी. सव्वीस वर्षांची, औषधाच्या कारखान्यात कामाला. तिला तिथल्याच एका बेळगावकडच्या मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा हिंदू आहे, शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे. पण दादाच्या तोंडी तो ‘घाटी’ आहे. मी म्हटलं, "येते. पण कौल एकदाच लावायचा. मोजायला मी उभी राहीन." मग दादा म्हणाला, "तें पन्नास वर्षांपूर्वींचें कित्याक काढटा?" पन्नास नाही झाली, चाळीसच्या आसपास झाली. आणि काढते ते यासाठी, की ते कुणी कधी मिटवलंच नव्हतं.

तेव्हा हात धुतले आणि लिहायला बसले. उरलेली भिरंडं काही पळून जात नाहीत.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगाच वाट बघत बसणार नाही. मिंगेलशी माझं लग्न झालं नाही. बारावीनंतर तो आईबापांबरोबर पोर्तुगालला गेला, तिकडे विजेची कामं करू लागला, त्याला मुलंबाळं झाली. मला माझा नवरा मिळाला, चांगला मिळाला. त्यामुळे हे रडगाणं नव्हे. मला राग आहे तो लग्न झालं नाही याचा नाही. राग कशाचा, ते पुढे येईलच.

आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. घरात आई, बाबा, दादा, मी आणि बाबांचे थोरले भाऊ आबाकाका. काकांनी लग्न केलं नव्हतं, पण घर त्यांच्याच तोंडून चालायचं. बाबा पाळीच्या लोहखनिजाच्या खाणीवर हजेरी घ्यायचे. संध्याकाळी आले की भुवयांपासून चपलांपर्यंत तांबडे, आणि न्हाणीतून वाहणारं पाणीही तांबडं. जेवायला बसले की काका बोलायचे आणि बाबा ‘व्हय’ म्हणायचे. आई तेवढंही म्हणायची नाही. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, उकड्या तांदळाच्या पेजेचा वास, रगड्यावर आईचं खोबरं, आणि या सगळ्याखाली नदीवरून येणारी फेरीबोटीची घरघर. पलीकडे दिवाडी बेट. बेटावरची माणसं त्या बोटीने आमच्या धक्क्यावर उतरायची आणि पुढे डिचोलीची बस पकडायची.

आमच्या वाड्यावर एक लहानसं देऊळ होतं. चिऱ्याच्या चार भिंती, आत काळा पाषाण आणि एक समई. त्या समईचं तेल आमच्या घरात राहायचं, कारण दिव्याचा मान आमच्या घराण्याचा. आणि ते तेल यायचं नदीपलीकडून, एका ख्रिस्ती घरातून. गोव्याबाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, आम्हाला वाटत नसे. पूर्वी देव पलीकडे होता. फिरंग्यांनी देवळं पाडली तेव्हा लोकांनी तो रातोरात अलीकडे आणला. जे मागे राहिले ते ख्रिस्ती झाले, पण देवाचं तेल काही त्यांनी सोडलं नाही. दर श्रावणात अष्टमीच्या आधी त्या घरचा कर्ता पुरुष खोबरेल तेलाचा डबा डोक्यावर घेऊन यायचा. तो ओसरीखालच्या पायरीवर बसायचा, काका वर बाकावर. त्याला चहा मिळायचा तो वेगळ्या कपातून. कान तुटलेला तो निळा कप एरवी गोठ्याच्या फळीवर पालथा असायचा. डबा मात्र थेट देवघरात जायचा. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. ही माझीही लाज, ती लपवत नाही.

मी अकरावीत गेले त्या श्रावणात तेल घेऊन बोस्त्यांव आला. आधी त्याचा थोरला भाऊ यायचा, तो वारला होता. बोस्त्यांव तरुणपणी आफ्रिकेत मोझांबिकला गेलेला, बंदरावर सुतारकाम केलेला. तिकडचं राज्य बदललं तेव्हा बायको आणि मुलगा घेऊन परतला आणि होड्या दुरुस्त करू लागला. बायको तिकडचीच, काळी, उंच, डोक्याला रंगीत फडकं बांधणारी. तिचं नाव ग्रासा. त्या दिवशी डबा मुलाच्या डोक्यावर होता. डबा खाली ठेवून तो सरळ उभा राहिला तेव्हा दिसलं, आईसारखाच काळा, आणि केस इतके दाट कुरळे की पावसाचे थेंब त्यांच्यावर तसेच बसून राहिलेले. तो मिंगेल. काकांनी बोस्त्यांवला विचारलं, "हो तुजो चलो?" आणि मग मला सांगितलं, "सुलू, आनीक एक कप हाड." दुसरा तुटका कप घरात नव्हता. मी आमच्यातलाच एक आणला. तो गेल्यावर काकांनी तो कप माडाच्या मुळाशी फोडायला लावला.

पुढे कळलं, तो माझ्याच वर्गात आहे. डिचोलीला विज्ञान शाखेत. एकच बस, एकच वर्ग, आणि तरी दिवाळीपर्यंत आम्ही चार वाक्यं बोललो नसू. त्याच्याशी कुणीच फारसं बोलत नसे. आमची मुलं त्याला ‘खापरी’, म्हणजे हबशी, म्हणायची, आणि बेटावरची ख्रिस्ती मुलंही तेच म्हणायची. सकाळी त्याच्याबरोबर एका चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या मुली बोटीत त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवायच्या. धर्म वेगळा म्हणून आमच्यात नको, रंग वेगळा म्हणून त्यांच्यात नको. सत्तावीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासलं. त्यात साखर जास्त निघाली, लोह कमी निघालं, जंतू निघाले. खापरीपणा काही कधी निघाला नाही.

बोलणं सुरू झालं ते डब्यावरून. बस चुकली होती आणि दोघंही धक्क्यावरच्या बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. त्याने डबा उघडला. हिरवी भाजी. मी न राहवून विचारलं, "कसली?" म्हणाला, "दुदयाचीं पानां. म्हजी मांय करता. भिकणां घालून." भिकणां म्हणजे शेंगदाणे. भोपळ्याची कोवळी पानं, नारळाचा रस आणि शेंगदाण्याचा कूट. मी म्हटलं, आमच्याकडे हीच भाजी करतात, फक्त शेंगदाणे नसतात. तो म्हणाला, "मग तुमची अर्दीच." मी हसले. त्याने डबा बाकावरून माझ्या बाजूला सरकवला, स्वतः दुसरीकडे बघत. मी खाल्ली. आजही करते ती भाजी. नवरा दोनदा वाढून घेतो, कुठून शिकले हे त्याला माहीत आहे.

प्रेम म्हणावं असं पुढे काय झालं? आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील. तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचा आणि मी चढले की उठून मागे जायचा. मी त्याला मराठीच्या पेपरासाठी निबंध समजावून द्यायचे, तो माझ्या वहीत विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढायचा, पट्टी न लावता सरळ. आणि सकाळी मी नारळ किसताना कान नदीकडे. सहा पन्नासची बोट पलीकडून सुटली, मध्यावर आली, वेग कमी केला, धक्क्याला लागली, हे मला विळीवर बसल्या बसल्या कळायचं. एकदा मी तापाने दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काल हांव बशीक चडलोंच ना. परत घरा गेलों." एवढंच. माझ्या आयुष्यात मला कुणी यापेक्षा मोठं काही बोललेलं नाही, आणि मी ते कुणाकडून ऐकायला थांबलेलेही नाही.

दादाने बघितलं ते नेमकं डब्याचं. बाकावर मध्ये डबा आणि दोघांचे हात त्यात. रात्रीच्या जेवणापर्यंतही त्याला धीर निघाला नाही. संध्याकाळी बाबा न्हाणीत असतानाच त्याने काकांना सांगितलं. काकांनी मला ओसरीवर बोलावलं. "खापऱ्याच्या ताटांतलें खाल्लें?" मी म्हटलं, "डब्यातलं." "वयर तोंड करून सांगता!" मग आईकडे वळून, "पळय, तुजी विद्या शिकिल्ली चली." बाबा केस पुसत बाहेर आले, सगळं ऐकलं, आणि ‘व्हय’ही म्हणाले नाहीत. काकांनी निर्णय तिथेच दिला. शाळा बंद. पेडण्याजवळ हळर्णाला मामाकडे रवानगी, आणि शिमग्याच्या आत लग्न. मामाच्या शेजारी किल्ल्याच्या पडक्या भिंतीला लागून कुणाचं तरी शेत होतं आणि त्या शेताला एक अविवाहित मुलगा होता, एवढी माहिती काकांना पुरेशी होती. मी सतरा वर्षांची होते. बारावीच्या परीक्षेला अडीच महिने होते.

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "देवाक विचारात." मला वाटलं तिने हात झटकले. आता वाटतं, त्या घरात काकांच्या वर बसणारा तेवढा एकच होता, तिने त्याला मध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे देवळात. पुनो गुरव म्हातारा, पण पाकळ्या लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पाषाणाच्या उजव्या खांद्यावर एक ओली पाकळी, डाव्या खांद्यावर एक. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. आधी उजवी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. समई लावलेली होती. पुनोने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आयज तुजें हें लेंकरूं तुज्या दारांत आयलां..." आणि आम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. "ह्या चलयेचें शिक्षण सोडून तिका हळर्णाक धाडपाचें मनांत आसा. तुका मानता जाल्यार उजवो दी म्हाराजा." "व्हय म्हाराजा." शब्द संपतात तोवर डावी पडली. टप्पकन. नाही.

काका म्हणाले, "पाकळी नीट चिकटूंक ना. परत लाय."

पुनोने परत लावली. परत तेच गाऱ्हाणं. या वेळी थोडा वेळ गेला, बाहेर कावळा ओरडला, आणि डावीच पडली. देवाने दोनदा ‘नाही’ म्हटलं होतं, आणि देवाला पंच मानायला काका स्वतः कबूल झाले होते. मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. काका म्हणाले, "तीन फावटी लायतात. तिसरो खरो." असा नियम मी तोवर कधी ऐकला नव्हता, त्यानंतरही ऐकला नाही. पुनोने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग फुलांच्या परडीकडे. तिसऱ्या खेपेला त्याने डावी पाकळी पाण्यात बुडवून अंगठ्याने दाबली, अशी दाबली की नखाची खूण उठली असेल. उजवी नुसती टेकवली. मी तीन हातांवर उभी होते. गाऱ्हाणं अर्ध्यावर असतानाच उजवी पडली. "देवान सांगलें!" काका म्हणाले आणि हात जोडले.

मी म्हटलं, "दोनदा नाही म्हणाला तो."

काकांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं. ते हसले आणि दादाला म्हणाले, "ट्रंक काड माळ्यावयली. परवां सकाळची बस." आणि तेवढ्यात माझी नजर समईवर गेली. पाचही वाती शांत जळत होत्या. ते तेल बोस्त्यांवचं. याही श्रावणात मिंगेलनेच ते डोक्यावरून आणलं होतं. त्याच उजेडात त्याच्या डब्याला हात लावल्याबद्दल माझा निवाडा चालला होता. मला आजही हे लिहिताना कानशिलं गरम होतात. तेल चाललं. डबा वाहणारं डोकं चाललं. त्या डोक्यावरचे केस चालले नाहीत. प्रामाणिक माणसाने एकतर दोन्ही घ्यावं नाहीतर दोन्ही परत करावं.

परत करावं, हे माझ्या डोक्यात आलं ते तिथेच.

सकाळी उजाडायच्या सुमाराला उठले. शाळेचा युनिफॉर्म घातला, दप्तर खांद्याला लावलं, देवघरातून तेलाचा डबा उचलला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. आई चुलीपाशी होती. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "झांकण घट्ट लाय. सांडटलें." धक्क्यावर पहिली बोट उभी होती. मी आयुष्यात एकटी पलीकडे गेले नव्हते. तांडेलाने विचारलं, "खंय गो?" मी म्हटलं, "तेल पोचवायला."

ग्रासा अंगण झाडत होती. बोस्त्यांव पायरीवर बसून पावाचा उंडा चहात बुडवत होता. मी डबा त्याच्यासमोर ठेवला. रात्रभर जुळवलेलं सगळं एका दमात म्हटलं. तुम्ही आमच्या घरात चालत नाही, तर तुमचं तेलही चालता कामा नये. घ्या परत. मिंगेल दाराशी येऊन उभा राहिला होता. बोस्त्यांवने शांतपणे उंडा संपवला. मग म्हणाला, "बाये, हें तेल तुज्या काकाक दिल्लें? देवाक दिल्लें. दिल्लें परत घेनात." मी त्याला तिन्ही कौल सांगितले, पाकळी दाबल्याचं सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. आमच्या निळ्या कपावर कधी न चिडलेला माणूस. "देवान दोनदां सांगलें आनी हांणीं आयकलें ना? मिंगेल, डबो घे. तिच्या वांगडा वच. देवळांत दवर, तांच्या घरा न्हय." ग्रासाने पदराने पुसावं तसं आपल्या फडक्याने माझ्या हातावरचं तेल पुसलं.

परतीच्या बोटीत डब्याची कडी एका बाजूने त्याच्या हातात, एका बाजूने माझ्या. तशीच धक्क्यावर, तशीच वाड्यावरून. माणसं दात घासता घासता थांबली. आमच्या ओसरीवर काका विडा कुटत होते, त्यांचा बत्ता वर राहिला. आम्ही घराकडे वळलो नाही. देवळाशी पुनो केर काढत होता. मिंगेल पायरीखाली थांबला. मी डबा आत नेला आणि म्हटलं, "पुनोमामा, दोनदा सांगितलेलं ऐकायचं नसेल तर दिवा कशाला लावता? काढून टाका समई."

तो केरसुणी धरून उभा. मग हळूच म्हणाला, "पयलोच कौल खरो, बाये. म्हाका कोणें विचारलें जाल्यार सांगतलों आशिल्लों."

"विचारल्याशिवाय सांगा."

त्याने बाहेर मिंगेलकडे पाहिलं. मग केरसुणी भिंतीला टेकवली, पंचा खांद्यावर टाकला आणि आमच्या ओसरीकडे चालू लागला. बाबा दारात आले होते. पुनो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आबा, देवान शाळेक ना म्हळें ना. दोन फावटी सांगलें. तिसरो म्हज्या आंगठ्याचो." काका बाबांकडे वळले, नेहमीचं ‘व्हय’ घ्यायला. बाबांनी ते दिलं नाही. एवढंच मला लांबून दिसलं. पुढे काय बोलणं झालं ते ऐकायला मी थांबले नाही. हळर्णाला शेवटी मी गेलेच, पण परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात, आठ दिवस, फणस खायला.

त्या सकाळी मी समईत तेल घातलं, हात दप्तराला पुसले आणि धावले. सात चाळीसची डिचोली बस सुटतच होती. मिंगेलने चढून खिडकीची जागा धरली, आणि मी आल्यावर सवयीने उठायला लागला. मी म्हटलं, "बस." तो बसला. मी त्याच्या शेजारी बसले. दोघांच्या हातांना खोबरेलाचा वास येत होता. मागे कुणीतरी शीळ घातली, पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं, आणि मी दप्तरातून भौतिकशास्त्राची वही काढून मांडीवर उघडली. पहिला तास चाचणीचा होता.